हसाजीचा बुधला

खाडीकाठच्या एका गावात हसाजी नावाचा तेली राहत होता. तो इस्राएली, म्हणजे ज्यू होता. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी त्याचा घाणा बंद आणि बैलालाही सुट्टी, म्हणून लोक त्याला शनिवार तेली म्हणत.

एका वर्षी पाऊस पडलाच नाही. तीळ जळून गेले, घाणा थांबला. घरात तेलाचा एक बुधला तेवढा उरला.

तेव्हा हसाजीची बायको मिलकाबाई हिने मुलांना एलियाहू नबीची, देवाच्या प्रेषिताची, गोष्ट सांगितली. फार पूर्वी असाच दुष्काळ पडला होता. उपाशी नबी एका विधवेच्या दारात आला. तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल होतं. नबी म्हणाला, "आधी मला भाकरी दे. तुझं तेल सरणार नाही." तिने दिली आणि पाऊस येईपर्यंत तिचं तेल सरलं नाही.

हसाजीने गोष्ट मनावर घेतली. जो येईल त्याला तो पळीभर तेल देऊ लागला. मात्र रोज सकाळी बुधल्यात डोकावून बघायचा.

"काय हसाजीभाऊ, तेलाला पिल्लं झाली का?" शेजारचा राघो कोळी हसायचा.

पिल्लं झाली नाहीत. तेल घटतच गेलं. एका शुक्रवारी शब्बाथच्या दिव्यापुरतंच उरलं. शब्बाथ शुक्रवारी सूर्य बुडताच सुरू होतो, म्हणून हा दिवा त्याआधी लावायचा, नंतर नाही. त्या घरात तो कधी चुकला नव्हता.

मिलकाबाई दिव्यात तेल ओतणार, एवढ्यात राघो धावत आला. आता तो हसत नव्हता; त्याच्या बायकोचे, देवकूचे, दिवस भरले होते. "वहिनी, देवकू अडली आहे. आत काळोख आहे, सुईणीला काही दिसत नाही. थोडं तेल द्या."

"दिव्यापुरतंच आहे रे," हसाजी म्हणाला. मग बायकोकडे वळून हळूच बोलला, "त्या विधवेला नबीने शब्द तरी दिला होता. मला कोणी दिलाय?"

"अहो, तो नबी आहे हे तिला कुठे ठाऊक होतं? तिला दारात एक उपाशी माणूस दिसला. शब्द खरा की खोटा, ते भाकरी दिल्यावर कळलं."

हसाजीने बुधला उचलला. त्याने उरलेलं सगळं तेल राघोच्या वाटीत ओतलं.

सूर्य बुडाला. घरात अंधार झाला. हसाजीने अंधारातच प्रार्थना सुरू केली, पण दिवा चुकल्याच्या लाजेने त्याचा आवाज फुटेना.

इतक्यात कुंपणापलीकडे बाळ रडलं. राघोने आपली खिडकी सताड उघडली आणि दिवा खिडकीत ठेवला. "हसाजीभाऊ, मुलगी झाली! देवकू बरी आहे! उजेड येतोय का तिकडे?"

उजेडाचा एक पट्टा अंगण ओलांडून मिलकाबाईच्या पायांशी आला. हसाजीचा आवाज मोकळा झाला.

बुधला काही भरला नाही. तो पुढच्या तिळांपर्यंत रिकामाच राहिला. पण राघोच्या खिडकीत दर शुक्रवारी दिवा लागू लागला. सुगी आली, हसाजीच्या घरी पुन्हा दिवे लागले, तरी राघोचा दिवा थांबला नाही. मुलगी मोठी झाल्यावर तीच तो लावू लागली. कोणी विचारलं तर म्हणायची, "मी जन्मले तेव्हा आमच्याकडे त्यांचा उजेड होता."

तात्पर्य: दिलेलं परत मिळतं का, हे बघत बसू नये; दारात आलेल्याची अडचण दूर झाली, हाच खरा चमत्कार.