झाकून ठेवलेला विस्तव

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की आगपेटी नावाची चीज तेव्हा कुणी स्वप्नातसुद्धा पाहिली नव्हती. लहानांनो, जरा जवळ सरका. आणि थोरांनो, तुम्ही कान उघडे ठेवून ऐका, कारण गोष्ट खरं तर तुमचीच आहे.

एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. थंडी अशी पडायची, की सकाळी रांजणातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असायचा. त्या गावात विस्तव म्हणजे जीव. भैरोबाच्या देवळापुढं एक धुनी होती, बापजाद्यांपासून पेटती. कुणाची चूल विझली की घरची बाई खापर घेऊन धुनीवर जायची, नाहीतर शेजारणीच्या दारात उभी राहून म्हणायची, "बाई, एक इंगळ दे गं." विस्तवाला कुणी कुणाला नाही म्हणत नसे. चकमक होती ती एकट्या गुरवाकडं, देवाच्या पेटीत, आणि ती दुसऱ्या कुणी हाताळायची नाही असा रिवाज होता.

आणखीही एक रिवाज होता, तो आधी नीट समजून घ्या. कुणाकडून गावाचा गुन्हा घडला तर गाव त्याला मारत नसे की हाकलत नसे. फार सभ्य गाव होतं हो ते! फक्त प्रत्येक घरची बाई आपल्या चुलीतली एक मूठ राख आणायची आणि त्याच्या उंबऱ्यावर टाकायची. सगळ्या घरांची राख पडली, की होळी येईपर्यंत त्या माणसाला कुणी विस्तव द्यायचा नाही आणि आपल्या उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. मात्र एका जरी बाईनं मूठ उघडली नाही, तर बाकी साऱ्या गावाची राख वाया आणि माणूस सुटला. असा एका मुठीचा मान होता. पण एकीनं मूठ झाकून ठेवल्याचं त्या गावात कुणाला आठवत नव्हतं.

या गावात धुरपा नावाची एक बाई राहायची. नाकासमोर चालणारी, चार जणींत चांगली म्हणवून घेणारी. तिची लेक तुळसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आणि गावाच्या टोकाला राहायची राही सुईण. मागं ना मूल ना बाळ, पण गावातली बहुतेक पोरंथोरं पहिल्यांदा तिच्याच हातांत रडली होती. सारं गाव तिला राहीआत्या म्हणायचं.

त्या वर्षी पाऊस काही केल्या हटेना. दिवाळी उलटली तरी पडतच होता. सरपण ओलं राहिलं आणि घराघरातल्या चुली नुसत्या धुमसायला लागल्या. बायका डोळे पुसत भाकऱ्या थापायच्या. आणि एका सकाळी गुरव पाहतो तर काय, धुनी विझलेली!

आता ओल्या लाकडानं विझली, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पण त्या साली धुनीला लाकूड घालायचा मान पाटलाच्या घराचा होता. पाटलाचं लाकूड ओलं होतं, हे म्हणायचं कुणी? गुरवानं चकमक झाडून, बरीच खटपट करून धुनी पुन्हा पेटवली, आणि तोंड मिटून बसला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "काल दिवेलागणीला एक म्हातारी घागर घेऊन देवळाकडनं येताना दिसली म्हणे." कोण म्हणालं, कुणी पाहिलं, देव जाणे. विहिरीवर गोष्ट पोहोचेपर्यंत त्या म्हातारीनं धुनीवर पाणी ओतलं होतं. आणि दुपारची जेवणं उरकेपर्यंत त्या म्हातारीचं नाव राही झालं होतं.

धुरपानं हे ऐकलं आणि हातातलं काम तसंच टाकून ती उठली. कारण काल दिवेलागणीला राही तिच्याच घरात होती. तुळसाच्या पोटाला तेल लावत बसली होती, आणि जेवूनच घरी गेली होती.

धुरपानं नवऱ्याला, केरबाला, आत ओढलं. "अवो, राहीआत्या तर आपल्या घरात हुती."

"ठावं हाय मला."

"मग जाऊन बोला की पाटलास्नी."

"तूच बोल की!" केरबा दबक्या आवाजात म्हणाला. "सगळं गाव एकीकडं आन् आपुन एकीकडं? पाण्यात राहून माशाशी वैर कुणी सांगितलंय? घरात लेक अवघडलेली हाय. उद्या आपल्याच उंबऱ्यावर राख पडली, तर तिनं जायाचं कुठं?"

धुरपा चुलीकडं वळली. तिला वाटलं, आपल्याला जे ठाऊक आहे ते आपल्यालाच ठाऊक. बाकी गाव उगाच का बोलेल?

दुसऱ्या दिवशी बायका राख घेऊन निघाल्या. राही आपल्या दारात उभी होती. "बायांनो, म्यां काय केलं ते तरी सांगा," ती म्हणाली. पाटलीणबाईनं पहिली मूठ टाकली. मग तिच्या जावेनं, मग गुरवीणबाईनं. धुरपाच्या पुढं तिची शेजारीण ठकूबाई होती. ठकूबाईचा हात वर झाला, अडला, आणि तिनं मागं वळून धुरपाकडं पाहिलं. आपल्या मनातलं कुणाला कळू नये म्हणून धुरपानं चेहरा अगदी कठोर केला होता. ठकूबाईनं तो कठोर चेहरा पाहिला आणि मूठ उघडली.

आता पाळी धुरपाची. तिला पाहून राहीच्या जिवात जीव आला. "धुरपे, आलीस व्हय? तू तरी सांग गं बाई, त्या सांजंला मी कुठं हुते ते!"

धुरपाच्या मुठीतल्या राखेला घाम सुटला. एक मूठ, फक्त तेवढी झाकून ठेवायची होती. तिनं मागं वळून पाहिलं. जिकडं पाहावं तिकडं दगडी चेहरे. तिला वाटलं, ह्या सगळ्या वेड्या आणि मी एकटीच शहाणी काय? तिनं मान खाली घातली आणि मूठ उघडली. राही आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

आता माणसाच्या मनाची गंमत पाहा. गंमत कसली, हा रोगच आहे. हात जे करून बसतो, ते बरोबर होतं असं मन मागाहून शिकायला लागतं. चार दिवसांनी विहिरीवर बायका म्हणाल्या, "राहीची नजरच वाईट." आणि धुरपा म्हणून गेली, "मला तर आधीपासनंच वाटत हुतं." म्हणाली आणि आपल्याच बोलण्यानं दचकली. पुढच्या वेळी म्हणाली तेव्हा दचकली नाही. मग तिला खरोखरच आठवायला लागलं, की राही त्या संध्याकाळी जरा लवकरच उठली होती. लवकर कसली उठली? भाकरीचा शेवटचा तुकडा धुरपानंच तिला आग्रहानं वाढला होता!

पण अंतःकरण मेलं नव्हतं हो. रोज संध्याकाळी धुरपा एक धगधगता इंगळ खापरात घ्यायची, वर राख घालायची आणि परसातल्या भिंतीआड ठेवून द्यायची. मनात म्हणायची, कुणी एकीनं दिला, की दुसरा मी देईन. पहिली होणार नाही, पण दुसरी नक्की होईन. सकाळी खापर गार झालेलं असायचं. ती राख उकिरड्यावर टाकून द्यायची आणि संध्याकाळी नवा इंगळ झाकून ठेवायची.

राहीच्या छपरावरचा धूर बंद झाला होता. ती भिजवलेले दाणे खाऊन दिवस काढत होती. येणारेजाणारे तिच्या दाराशी आले की त्यांना पलीकडच्या डोंगरावर काहीतरी पाहण्यासारखं दिसायचं.

पौष लागला. गोठ्यातल्या गाई थंडीनं कुडकुडायला लागल्या. अशाच एका सकाळी तुळसाला कळा सुरू झाल्या. पाटलीणबाई आली, ठकूबाई आली, आळीतल्या बायकांनी खोली भरली. पण मूल पायाळू होतं, आणि करायचं काय हे एकीलाही कळेना. तुळसा गुरासारखी ओरडायला लागली. धुरपानं देव पाण्यात घातले. तिला राहीची आठवण आली, पण राहीचं नाव घ्यायला जीभ वळेना.

तेवढ्यात परसाकडच्या झरोक्यातून आवाज आला. "घाबरू नका. तिला कुशीवर वळवा. आन् ओढाओढ करू नका पोराची!"

राही होती. उंबरा ओलांडायचा नाही म्हणून भिंतीबाहेर उघड्या थंडीत उभी होती. तिला जा असं कुणी म्हणालं नाही, आणि ये असंही कुणी म्हणालं नाही. ती बाहेरून सांगत गेली, बायका आत तसंच करत गेल्या. कितीतरी वेळानं बाळाच्या रडण्याचा आवाज आला. लेकही वाचली होती, नातही वाचली होती.

"काय झालं?" झरोक्यातून राहीनं विचारलं.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तुळसाच क्षीण आवाजात म्हणाली, "मुलगी झाली, आत्ये."

"ब्येस झालं, लक्ष्मी आली." राहीनं दोन्ही हात झरोक्याशी धरले. मग म्हणाली, "धुरपे, एक इंगळ दे गं. हात गारठून माझे मला लागंनात बघ."

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी धगधगत होती. धुरपानं चिमटा उचलला. सगळ्या बायका तिच्या हाताकडं बघत होत्या. धुरपानं पाटलीणबाईच्या तोंडाकडं पाहिलं, मग ठकूबाईच्या. एकीनं नुसती मान हलवली असती तर पुरे होतं. पण त्या सगळ्या धुरपाच्याच मानेकडं बघत होत्या.

धुरपानं चिमटा खाली ठेवला. "जा राहीआत्या," ती म्हणाली. "गावानं ठरीवलंय, माझ्या हातात काय हाय?"

"बरं बाई," राही म्हणाली. "पोरीला ऊबंत ठेव. थंडी लई वाईट हाय औंदा." तिच्या पावलांचा आवाज हळूहळू दूर गेला. तुळसानं आईकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी राहीचं दार उघडलं नाही. गुराख्यानं आत डोकावून पाहिलं. राही आपल्या चुलीपुढं बसल्या जागी मरून पडली होती. दोन्ही हात थंडगार चुलीत घातलेले होते.

मेल्यावर मात्र गाव धावलं. मेल्या म्हशीला मणभर दूध, ती म्हण उगाच नाही पडली. तिरडी बांधली, माळावर लाकडं रचली. आणि मग सगळे थबकले. अग्नी कुठल्या घरचा द्यायचा? तिचं घर तर गार. धुनीचा विस्तव द्यावा, तर धुनी विझवल्याचा आळ तिच्यावरच. पाटील जमिनीकडं बघत उभा राहिला.

धुरपाला राहवेना. ती धावत घरी आली. रात्रभर बाळंतिणीची शेगडी जागती ठेवताना तिनं रोजच्यासारखं खापर भरून ठेवलं होतं, ते अजून गरम होतं. ते घेऊन ती परसातून बाहेर पडते तर समोर ठकूबाई! तिच्या हातात खापर. तिच्या मागं गुरवीणबाई, हातात खापर. वरच्या आळीतून पाटलीणबाई येत होती, पदराआड खापर धरून. आळीआळीतून बायका येत होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात राखेनं झाकलेला विस्तव होता.

"तू बी?" धुरपानं विचारलं.

ठकूबाईला रडू फुटलं. "रोज ठिवत हुते गं. म्हटलं, तू दिलास की मी देईन. त्या दिशी बी तुझ्या तोंडाकडं बघितलं, म्हटलं हिला वाटतंय तर खरंच असंल."

"आन् मी तुमच्याकडं बघत हुते!" धुरपा ओरडली. "ती माझ्या घरात हुती त्या सांजंला! माझ्या घरात जेवत हुती!"

ओरडतच ती माळावर तिरडीपाशी आली, मागं साऱ्या बायका. मग गुरव हळूच म्हणाला, "लाकडं वली हुती. मला ठावं हुतं."

"सगळ्यांस्नीच ठावं हुतं," केरबा म्हणाला.

घराघरातला विस्तव चितेवर पडला. जिला जिवंतपणी एक इंगळ मिळाला नाही, तिला मेल्यावर सगळ्या गावानं मिळून आग दिली. चिता पेटली. थंडी एवढी होती, की धग अंगाला लागताच काहींचे हात आपोआप शेकायला पुढं झाले. मग आपण कशावर हात शेकतोय हे ध्यानात आलं, आणि त्यांनी ते ओढून घेतले.

आजवर पाटील मोठ्या तोऱ्यात म्हणायचा, गाव करी ते राव न करी. खरंच आहे की! एका दुष्ट राजाला जे जमलं नसतं, ते त्या चांगल्या माणसांच्या गावानं करून दाखवलं.

बारशाच्या दिवशी धुरपा म्हणाली, "पोरीचं नाव राही ठेवू या."

तुळसा म्हणाली, "नाव ठिवायला हात पुढं झाला व्हय आता? तवा चिमटा खाली ठिवलास." तिनं पोरीला छातीशी घट्ट बांधलं आणि ती सासरची वाट चालू लागली. पुन्हा माहेरी आली नाही. पुढं इतरही लेकी बाळंतपणाला त्या गावात येईनाशा झाल्या, कारण तिथं सुईण उरली नव्हती. आणि धुरपा? तिला मरेपर्यंत सवयच लागली. रोज संध्याकाळी खापरात एक इंगळ घ्यायचा आणि राहीच्या पडक्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायचा. तो उघड्यावर विझून जायचा. तिला आता कुणी अडवत नव्हतं. खरं तर आधीही कुणी अडवलं नव्हतं.

म्हणून सांगतो, ध्यानात ठेवा: सगळ्यांच्या तोंडाकडं बघून जो आपला हात आखडतो, त्याच्याच तोंडाकडं बघून बाकीचे हात आखडत असतात.