दमलेल्या वैमानिकांचा नियम

ब्रसेल्सला युरोपातल्या देशांची बैठक होती. वैमानिकांची सलग ड्यूटी वाढवणारा नियम अध्यक्ष रेनार्टना आजच मंजूर करून हवा होता. विरोधात एकटी इल्झे, एका चिमुकल्या देशाच्या विमान खात्याची प्रतिनिधी. गेल्या हिवाळ्यात तिच्या देशाचं एक विमान धुक्यात कोसळलं होतं. वैमानिक पहाटेपासून ड्यूटीवर होता.

"बाई, सरावलेला माणूस दमला तरी चुकत नाही," रेनार्ट गुरकावले.

मग इल्झे एकेका कलमावर शंका काढत बसली. तो तिचा हक्कच होता. संध्याकाळी रेनार्टनी डोळे चोळले.

"सकाळपासून बसलोय, डोकं चालत नाही. भलतीकडेच सही व्हायची. मतदान उद्या घेऊ."

"अध्यक्षमहाराज, चुकलेली सही खोडता येते," इल्झे म्हणाली. "आमच्या वैमानिकानं धुक्यात 'उद्या उतरू' कुणाला सांगायचं होतं?"

रेनार्टनी मसुदा मिटून बाजूला सारला. नियम तिथंच बारगळला.