रिमवरचा आकडा

"आक्का, माझ्याखाली मोडणार नाही असं चाक कुठलं?"

महावीर चौगुलेने वाकडं झालेलं चाक दुकानाच्या पायरीवर टेकवलं आणि दम खात विचारलं. अंगाने दांडगा गडी. शर्यतीची सायकल दामटायचा आणि पुण्याहून आणलेल्या महागड्या चाकांचं कौतुक भेटेल त्याला ऐकवायचा.

शेवंताआक्का मिरजेत चाकं बांधायची. तरुणपणी शर्यती मारलेली बाई. आता सत्तरीला टेकली होती, आणि अंगाने तीही काही कमी नव्हती. सांगली-कोल्हापूरचे भलेभले सायकलवाले तिच्यापुढे मांडी घालून गुपचूप बसायचे.

"कितवं रे हे?"

"तिसरं."

"कुठं गेलं?"

"आंबा घाटात. उतारावर स्पोक तुटला, चाक डुलायला लागलं... कठडा होता म्हणून वाचलो. दुधाच्या टेम्पोतून घरी आलो. बायको म्हणाली, आणखी एकदा असे आलात की सायकल विकून मोकळी होते."

"मग विकू दे की."

महावीर खाली बघत म्हणाला, "नको हो, आक्का. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ मी मला जड वाटत नाही."

आक्काने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि चाक मांडीवर ओढलं.

महावीरचे प्रश्न तयारच होते. "कार्बन सोडून अल्युमिनियमचं घेऊ? स्पोक चोवीस बरे की बत्तीस? टायर रुंद टाकला तर?"

"मागं छत्तीस तारा. रुंद टायर. साधी, जाड रिम. सगळ्या तारांना सारखा ताण. ते मी बघते, ते सोपं हाय."

"मग अवघड काय?"

आक्काचा अंगठा रिमवरून फिरत होता... एका जागी तो थांबला.

"इथं काय होतं?"

"कुठं?"

"इथं. बोटाला चिकटतंय."

"...स्टिकर होता."

"काय लिहिलेलं त्याच्यावर?"

महावीरने दाराबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"नव्वद किलोपर्यंत."

"आणि काढलास कशाला?"

"अहो, सायकल ग्रुपमधली पोरं वाचतात!"

"तिन्ही चाकांचे काढलेस?"

"...तिन्ही."

आता यावर हसावं की कपाळावर हात मारावा! आक्काने दोन्ही केलं नाही. ती चाक पुन्हा पायरीवर ठेवून पाना शोधत उठली.

तेवढ्यात महावीरची नजर भिंतीला टेकवलेल्या आक्काच्या सायकलीवर गेली. मागच्या रिमवर पांढऱ्या रंगात काही लिहिलं होतं. तो जवळ जाऊन वाकला. ८१, त्यावर काट. ८८, त्यावरही काट. पुढे ठसठशीत ९४.

"हे शर्यतीतले नंबर का तुमचे?"

"न्हाई."

"मग चौऱ्याण्णव काय?"

"मी."

महावीर वाकलेला तसाच राहिला.

"अहो, पण... लोक वाचतात की!"

"वाचू देत."

आक्काने फळीवरून एक कोरी रिम काढली, त्याच्यापुढे ठेवली. शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश.

"लिही."

"काय?"

आक्काने ब्रश तेवढा पुढे सरकवला.

त्याने कपाळ पुसलं. ब्रश बुडवला आणि बारीक अक्षरात लिहिलं, ९८.

आक्काने रॉकेलचा बोळा घेतला, आकडा पुसून टाकला आणि रिम पुन्हा त्याच्यापुढे ठेवली.

"आक्का, पुढच्या रविवारी आंबोलीला जायचंय. बांधून द्या ना आता..."

"मी काय, बसलेच हाय."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, कुणीतरी कुणाला हाक मारली. महावीरचे कान लाल झाले होते. मग त्याने ब्रश घेतला आणि चांगलं मोठ्ठं लिहिलं, ११७.

आक्काने बोळा कोपऱ्यात भिरकावला आणि पहिली तार चाकाच्या मधल्या हबमध्ये घातली.

दिवस कलायच्या आत चाक उभं राहिलं. आऊट काढून, म्हणजे चाकाचं डुलणं घालवून झाल्यावर तिने एकेक तार बोटाने छेडली. सगळ्या एका आवाजात बोलल्या. महावीरने चाक उचलून पाहिलं. जुन्यापेक्षा वजनदार होतं, पण त्याच्या तोंडावर असं हसू फुटलं की बास! त्याने ११७ वर हलकेच हात फिरवला. रंग वाळला होता.

निघताना पायरीवरच्या वाकड्या चाकाकडे त्याने रागाने पाहिलं.

"म्हणजे हे पुण्याचं चाकच कच्चं होतं. बरोबर ना, आक्का?"

आक्काने ते चाक उचललं, पदराने त्यावरची धूळ पुसली.

"न्हाई रे. चाक चांगलं हाय. तू येणार हाईस, हे त्याला कुणी सांगितलंच न्हाई."