लाकडी तलवारी

शेवड्यांची नाटक मंडळी अनगळांच्या मंडळीत सामील झाली आणि पहिल्याच प्रयोगाआधी नारळावरून अडलं. शेवड्यांकडे नारळ वाढवायचे ते पडदा ओढणारे म्हातारे भिवाकाका. अनगळांकडे खुद्द मालक.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. तुमची रीत आता विसरा!" अनगळ मालक गरजले.

भिवाकाकांनी हातातला नारळ खाली ठेवला.

तेवढ्यात सामान सांभाळणाऱ्या चंद्राआत्यांनी पेटी उघडली. "मालक, दोन्ही मंडळींच्या तलवारी आठवडाभर या एकाच पेटीत आहेत. एकीनं दुसरीला ओरखडासुद्धा काढलेला नाही. आपल्या तलवारी लाकडाच्या. त्या कापायला नसतात, टाळ्या घ्यायला असतात."

मालकांना हसू फुटलं. त्यांनी वाकून नारळ उचलला आणि भिवाकाकांच्या हातात दिला.

"वाढवा, काका. आज पडदा मी ओढतो."