बुरुजावर धूर झाला नाही

खूप जुन्या काळची गोष्ट. पुराचा दुसरा महिना होता. आकाश निरभ्र होते, वारा पडलेला होता.

दक्षिणेकडून उत्तरेला वाहणाऱ्या नाईल नदीच्या काठी तेव्हा गावोगाव वेगळा राजा होता. प्रत्येकाच्या मुकुटावर सोन्याचा नाग असे, आणि तसाच नाग शेजाऱ्याने मिरवावा हे कुणालाच खपत नसे.

दक्षिणेला नुबियाचा राजा होता. त्याचे भय मात्र सगळ्यांना सारखेच होते. म्हणून काठावर एक रिवाज होता. दक्षिणेकडून त्याच्या नावा दिसल्या, की बुरुजावर खजुराच्या ओल्या झावळ्या जाळायच्या. तो धूर पाहून नदीच्या खालच्या अंगाचे गाव वेशी लावून घेई.

त्या सकाळी वरच्या गावच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला नावा दिसल्या. पाणी दिसू नये इतक्या. तो धापा टाकत राजाकडे आला.

"महाराज, ते आले! झावळ्या पेटवतो."

"थांब." राजाचे ओठ सुकले होते, तरी तो हसला. "त्यांचा दूत काल शब्द देऊन गेलाय. भांडण खालच्याशी आहे. आपण गप्प बसायचं."

"माझी लेक तिथं दिलीय, महाराज. दिवस भरत आलेत तिचे."

"मग तिच्या राजाला म्हणावं, नाग उतरवून ठेव. आणि ऐक, धूर दिसला तर तुझी मान जाईल."

पहारेकरी बुरुजावर परतला. विस्तव पायाशीच होता. त्याने एक झावळी उचलली. मग स्वतःची मान चाचपली, आणि झावळी खाली ठेवली.

नावा गावाच्या भिंतीजवळून गेल्या. त्यांतल्या धनुर्धाऱ्यांनी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही.

खालच्या गावच्या वेशी सताड उघड्या होत्या. दुपारच्या आत ते गाव पडले.

पुढे उत्तरेचा वारा सुटला, तेव्हा त्याच गावच्या नावा शिडे उभारून वर आल्या. आत नुबियाचे सैनिक होते. वरच्या गावाला उत्तरेकडून भिंतच नव्हती. तिकडे शेजारी आहे, या भरवशावर ती कधी कुणी बांधलीच नव्हती.

राजाने गुडघे टेकले. "तुमच्या दूतानं शब्द दिला होता!"

"तो मी पाळला," नुबियाचा राजा म्हणाला. "भांडलो त्याच्याशीच. तुझं गाव तर नुसतं उचलायचं होतं."

राजाला दोरखंडाने बांधून दक्षिणेला नेले. पहारेकऱ्याने नावांतल्या खालच्या गावच्या कैद्यांत एकेक चेहरा पाहिला. लेक त्यांत नव्हती.

शेजाऱ्यावरचे संकट जो दडवून ठेवतो, तो आपल्याच दाराची कडी काढून ठेवतो.