पाटलाचं पोट आणि गावाचे पाय

जिथे भात पिकत नाही, मीठच पिकतं, अशा खाडीकाठच्या एका गावात एक तोंडाळ बाई राहायची. खरं ते मोठ्याने बोलायची, एवढाच तिचा गुन्हा. ती आणि तिचा नवरा मिठागरात राबायचे. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून गावातल्या सगळ्यांचेच पाय चिरले होते. तिच्या नवऱ्याची टाच तर चिघळली होती. तरी तो लंगडत कामावर जायचा. न जाऊन खायचं काय?

एकदा राजाने राजवैद्यांना हुकूम दिला, "गावोगाव जा, रयतेला काय दुखतंखुपतं ते बघा आणि औषध द्या." हुकूम चांगला होता. राजवैद्यही विद्वान होते. पण गावात आले ते थेट पाटलाच्या पंगतीला बसले. हात धुता धुता त्यांनी विचारलं, "काय पाटील, गावाला त्रास कसला?"

पाटलाने ढेकर दिली, पोटावरून हात फिरवला. "पोटाचा, वैद्यराज. खाल्लेलं पचतच नाही बघा."

झालं! गावात गाडीभर पाचक चूर्ण आलं. घरटी एक बरणी. ज्या घरात दोन वेळची चूल पेटायची मारामार, तिथे भूक वाढवणारं चूर्ण! पोरं आणखीच खायला मागू लागली. बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती पाटलाच्या दारात गेली. म्हणाली, "आमचे पाय सडलेत, वैद्यांना कळवा."

"औषधातलं तुला काय कळतं?" म्हणत पाटलाने तिला हाकललं.

वैद्य परत आले तोवर नवऱ्याचं पाऊल काळं पडलं होतं. चावडीवर बसून वैद्यांनी हसत विचारलं, "गुण आला ना?"

"आला तर!" पाटील म्हणाला.

बाईने भरलेली बरणी त्यांच्यासमोर आदळली. "कुणाला आला? अपचन व्हायला आधी पोटभर मिळावं लागतं!"

वैद्यांना राग आला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"इचारलं कुणी? तुम्ही पाटलाच्या पोटाला इचारलंत. गावाच्या पायांना कधी इचारणार?"

तेवढ्यात पाटील म्हणाला, "चला वैद्यराज, पानं वाढलीत."

वैद्य उठले खरे, पण पंगतीला गेले नाहीत. मिठागराच्या बांधावर जाऊन बसले. ज्याला त्याला विचारलं. जो तो एकच म्हणाला, "काम सुटल्यावर पाय धुवायला गोडं पाणी द्या." गोड्या पाण्याची विहीर गावात एकच, आणि ती पाटलाच्या अंगणात, कुलपात. प्यायला दिवसाला घरटी एक हंडा मिळायचा, तेवढाच. वैद्यांनी राजाच्या नावाने ते कुलूप फोडायला लावलं. हळूहळू गावाच्या पायांच्या जखमा भरून आल्या.

बाईच्या नवऱ्याचं पाऊल मात्र कापावं लागलं. कापणारे वैद्यच होते. काम झाल्यावर ते हात जोडून म्हणाले, "बाई, मला क्षमा कर."

"क्षमेने पाऊल उगवत नाही," ती म्हणाली. "पुढच्या गावात तरी जेवायच्या आधी लोकांत जाऊन बसा."

तिने क्षमा केली नाही. आणि का करावी?

तात्पर्य: ज्याचं दुखतं त्यालाच आधी विचारावं, पंगतीत बसून गावाची नाडी सापडत नाही.