बोकडानं अंग झाडलं

गोष्ट सांगायला मीच सापडतो सगळ्यांना. वर म्हणतात, आजोबा, लांबण लावू नका. मग गुमान ऐका.

जनावरं बोलायची तेव्हाची ही गोष्ट. एका गावात जत्रेला बोकड कापायचे. आधी त्याच्या अंगावर पाणी ओतायचे. त्यानं अंग झाडलं की देवीचा होकार, मग सुरी. नाही झाडलं तर सोडून द्यायचे.

ही मेख ओळखली भुंड्या बोकडानं. कळपाला म्हणाला, "पाणी पडलं तरी दगड व्हायचं." दोन वर्षं एकही बोकड कापला गेला नाही. गाव चिडलं. तिसऱ्या वर्षी भुंड्यालाच धरून नेला.

घागरींवर घागरी ओतल्या, भुंड्या हलला नाही. पुजारी कंटाळला. म्हणाला, "सोडा याला. ते बारकं आणा." ते बारकं म्हणजे भुंड्याच्या बहिणीचं करडू. ते पाण्याआधीच थरथरत होतं.

भुंड्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कानापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. सुरी फिरली. करडू घरी आलं.

वाड्यात म्हातारा एडका म्हणाला, "आम्हाला दगड व्हायला सांगायचा आणि स्वतःच हलला! भित्रा लेकाचा!" बहिणीनं सगळं पाहिलं होतं. करडाला चाटत ती गप्प बसली.

मलाही भर चावडीत भित्रा म्हणाले होते. म्हणणारे मेले, त्यांचं जाऊ द्या. पण खरं काय ते ठाऊक असून एक जण गप्प बसला होता. त्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही. यसबा त्याचं नाव.